चुंगबाईंची तुळस

आमचे अण्णा "पुरे" म्हणाले की माझं डोकं फिरायचं. ताटात सुपारीएवढा भात, त्यावर चमचाभर वरण, वाढणारीचा हात अजून भांड्यावरच, आणि एवढ्यात पुरे! मी कामावरून येऊन कुकर लावलेला असायचा, दोन भाज्या केलेल्या असायच्या, ताकाला आलं-जिरं लावलेलं असायचं. आणि समोरचा माणूस दोन घास चिवडून, पोटावर हात फिरवत उठायचा. मग मी काय करणार? भांडी जरा जोरात आपटायची.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सांगलीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. आवाज असा की पलीकडच्या रसवंतीवाल्याला घड्याळाची गरज नव्हती. घरीही तोच खाक्या. जेवायला बसले की, "भाताची दुसरी फेरी सोडा!" अशी हाळी द्यायचे आणि माई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसत हसत डाव भरून वाढायच्या. दुसरी फेरी झाल्याशिवाय अण्णा पाटावरून उठल्याचं मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्यावर मी एवढी का चिडायचे, तेही सांगते. माझं लग्न झालं तेव्हा बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि कॉलेज माहेरी कोल्हापुरात. सासरच्या नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, आता कशाला शिक्षण, नवीन नवरीनं रोज एस.टी.नं हिंडायचं का. अण्णांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरगी शिकेल. गाडी माझी, डेपो माझा." आणि वर्षभर रोज सकाळी कोल्हापूरची गाडी लागायच्या आत ते स्वतः फलाटावर यायचे आणि खिडकीतून आपला पांढरा रुमाल आत सीटवर टाकायचे. ती माझी जागा. गाडीत कितीही रेटारेटी होवो, कंट्रोलरच्या रुमालावर बसायची कुणाची छाती नव्हती. मी रुमाल उचलून घडी करायची, संध्याकाळी परत द्यायची. आज अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या एका लॅबमध्ये मी नोकरी करते ती त्या खिडकीतल्या जागेमुळे. माझ्या वडिलांनीसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत माई गेल्या आणि मे महिन्यात आम्ही अण्णांना इकडे घेऊन आलो. सांगलीच्या दोन खोल्यांना कुलूप लावलं. मला वाटलं होतं, चार दिवस जातील, रुळतील. पण वर्षच वाईट निघालं. आमच्या शहरात त्या वर्षी आपल्या लोकांना रस्त्यात गाठून मारहाण चालली होती. मी कामाला जाताना टिकली पर्समध्ये ठेवायची आणि लॅबमध्ये पोचल्यावर लावायची. चारूनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, अण्णांना ताकीदच दिली होती की धोतर नेसून एकट्यानं पुढच्या दारातून बाहेर पडायचं नाही. म्हणजे ज्या माणसाचा जन्म स्टँडवरच्या गोंगाटात गेला, तो आता आमच्या मागच्या बॅकयार्डमध्ये एका घडीच्या खुर्चीत बसून तारेच्या कुंपणाकडे बघत राहायचा.

आणि जेवायचा नाही. घास घशाखाली उतरला की छातीत दगड ठेवल्यासारखं होतं म्हणायचे. तोंडात आंबट पाणी यायचं, मळमळायचं, संध्याकाळी चहासुद्धा नको. डॉक्टरांकडे नेलं. चांगले होते बिचारे. सगळ्या टेस्ट केल्या, नळी घालून पोटही बघितलं. रिपोर्ट नॉर्मल. मला बाजूला घेऊन म्हणाले, बायको गेली, देश बदलला, पोटालाही दुःख होतं. वेळ द्या आणि त्यांना आवडेल ते खायला घाला. आवडेल ते! थालीपीठ झालं, पिठलं झालं, सांगलीच्या पद्धतीचं भरलं वांगं झालं. सगळ्याला एकच उत्तर. दंडावरची कातडी लोंबायला लागली. बोटातली अंगठी निसटून एकदा भांड्यांच्या सिंकमध्ये पडली, तेव्हापासून ती जानव्याला बांधून ठेवलेली.

जुलै उजाडेपर्यंत अण्णांचं एकच चालू झालं, मला सांगलीला सोडा. चारूचा मित्र विनय दिवाळीनंतर मुंबईला जाणार होता. त्याच्या सोबतीनं जातो म्हणाले. चारू तसा सरळ माणूस; वडिलांचं मन मोडायला नको म्हणून त्यानं विनयच्या शेजारची सीट धरून ठेवली. अण्णांनी त्याच दिवशी बॅग भरली आणि पलंगाखाली सारली. मी म्हटलं, तिकडे कोण आहे त्यांना? इथे माझ्यादेखत दोन घास जातात, तिथे कुलूप उघडून कोण वाढणार? चारू म्हणाला, जबरदस्तीनं ठेवून त्यांना इथेच संपवायचं का? मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी त्या दिवशी पोळ्या अशा लाटल्या की पोळपाटाचा एक पाय मोडला.

आमच्या कुंपणापलीकडे एक कोरियन कुटुंब राहायचं. नवरा-बायको दोघंच. नवऱ्याचं कपडे ड्रायक्लीन करण्याचं दुकान होतं, त्यामुळे तो दिवसभर बाहेर. बाईंचं आडनाव चुंग. साठीच्या आसपास, ठेंगण्या, डोक्याला रुमाल बांधून दिवसभर मातीत काहीतरी करत असायच्या. त्यांच्या बॅकयार्डमध्ये इंचभर जागा रिकामी नव्हती. मिरच्या, मुळे, कसल्या कसल्या पालेभाज्या, आणि मागे मातीच्या मोठ्या बरण्यांची रांग. आमची ओळख मान हलवण्यापुरती. मी हॅलो म्हणायची, त्या कमरेत वाकायच्या.

एका शनिवारी सकाळी अण्णांची हाक आली. हाक म्हणजे कशी, फलाटावर देतात तशी! मे महिन्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. हातातलं दूध ओट्यावर सांडलं, मी धावत मागे गेले. अण्णा कुंपणाला धरून उभे होते. म्हणाले, "कांचन, तुळस बघ! मंजिऱ्या आल्यात!"

मी बघितलं. चुंगबाईंच्या वाफ्यात, कुंपणापासून हातभर अंतरावर, कमरेएवढी रोपं होती. समोरासमोर पानं, चौकोनी दांडे, शेंड्याला जांभळट तुरे. लांबून बघणाऱ्याला तुळसच. अण्णांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, आणि मला तर माहेरीसुद्धा कुंडीतल्या झाडांशी कधी देणंघेणं नव्हतं. अण्णा आत गेले, आंघोळ केली, तांब्या भरून आणला आणि कुंपणावरून हात लांबवून त्या रोपाला पाणी घातलं. मग डोळे मिटून हात जोडले.

चुंगबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या वाफ्यात न विचारता पाणी ओतायचं म्हणजे काय! पण त्या वाफ्यात उतरल्या, चांगली मूठभर पानं खुडली, आणि कुंपणाशी येऊन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून अण्णांना दिली. सोबत मान इतकी खाली वाकवली की मला वाटलं आता पाया पडतात. अण्णांनी प्रसाद घेतात तशी डाव्या हातावर उजवा ठेवून ती पानं घेतली.

आमच्या घरची रीत सांगायला हवी. माई नैवेद्य दाखवताना भातावर तुळशीचं पान ठेवायच्या. तेच पान अण्णा आधी तोंडात टाकायचे आणि मग जेवायला सुरुवात. इकडे आल्यापासून मी नैवेद्य दाखवत होते, पण पान कुठून आणू? त्या दिवशी मी ताट वाढून उंबऱ्यात उभीच होते. मूदभर भात, वरण, तूप. अण्णा आले, माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, आणि एक पान भातावर ठेवलं. नैवेद्य झाला, पान तोंडात गेलं. आणि त्या दुपारी त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. फार नव्हतंच. पण ताट रिकामं झालं. मी ते ताट हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि नळ सोडून मनसोक्त रडले. त्या दिवशी राग आला नाही.

उरलेली पानं धुवायला घेतली तेव्हा गडबड कळली. चोळल्याबरोबर वास आला तो बडीशेपेचा. थोडासा पुदिन्याचाही. तुळशीचा नावालाही नाही. पुन्हा चोळलं, पुन्हा बडीशेप. रात्री चारूला सांगितलं, तर हा महात्मा म्हणतो, उद्या अण्णांना सांगून टाकू, उगाच श्रद्धेशी खेळ नको. मी म्हटलं, खबरदार! तीन महिन्यांत पहिल्यांदा ताट रिकामं झालंय. ती तुळस आहे. मी म्हणते म्हणून आहे.

पण विषारी-बिषारी नाही ना, एवढं तरी बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी अण्णा वामकुक्षी घेत असताना मी डबाभर चकल्या घेऊन चुंगबाईंकडे गेले. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझंही त्यांच्यासमोर तसंच होऊन गेलं, पण पोटाचं दुखणं सांगायला भाषा लागते कुठे? त्या झाडाला त्यांच्या गावाकडे बांगा म्हणतात. वाळवून औषधाच्या दुकानात ठेवलं की त्याचंच नाव क्वाख्यांग. त्यांचे वडील त्यांच्या गावात पारंपरिक औषधं विकायचे. भिंतभर लाकडी खण, आणि या खणातली पानं अपचनाची. छातीशी जड वाटतं, मळमळतं, अन्न बघवत नाही, अशा माणसाला द्यायची. लहानपणी पानं निवडायचं काम बाईंकडे होतं, म्हणून या परक्या देशातही त्यांनी बी आणून लावलं होतं.

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मला कुठे बघावं कळेना. मे महिन्यापासून त्या अण्णांना खिडकीतून बघत होत्या. जेवून आले की खुर्चीत बसून छाती चोळतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पानं द्यावीत असं रोज वाटायचं. पण नवरा म्हणायचा, लोकांच्या म्हाताऱ्यांना औषधं देऊ नकोस, कुणाला काय वाटेल सांगता येत नाही. म्हणून गप्प बसल्या. काल म्हातारबाबांनी स्वतःच येऊन झाडाला नमस्कार केला, तेव्हा त्यांना वाटलं, औषध ओळखलं यांनी, मागतायत. अण्णांना त्या हाराबोजी म्हणाल्या. म्हणजे आजोबा.

हे सगळं चाललं होतं तेव्हा शेगडीवर एक मोठं भांडं रटरटत होतं. चुंगबाईंनी सहज झाकण काढलं आणि वरून मूठभर चिरलेली बांगाची पानं टाकली. आत मासे. मी मनात म्हटलं, देवा परमेश्वरा, आमची तुळस माशांच्या कालवणात! पण तोंडातून एवढंच निघालं की छान वास येतोय. खोटं नव्हतं ते.

त्यांनी कृती सांगितली. वाळलेली पानं, आल्याचे तुकडे, संत्र्याची वाळलेली साल, मंद आचेवर उकळायचं, पानं शेवटी टाकायची, जेवणानंतर कोमट प्यायचं. म्हणजे आपला काढाच की. डॉक्टरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, चहासारखंच आहे, घेऊ देत. मी अण्णांना सांगितलं, तुळशीचा काढा आहे. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिऊन टाकला.

आता पुढचं सांगितलं तर लोक हसतात, पण मी सांगणारच. तिसऱ्या का चौथ्या दिवशी अण्णांनी ढेकर दिला. असा खणखणीत, की बाहेर पेपर वाचणारा चारू आत आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो, इतके हसलो! मुलगा पहिलं पाऊल टाकतो तेव्हा आईबाप हसतात ना, तसे. अण्णा म्हणाले, काय झालं हसायला, गाडीला हॉर्न नको का? मे महिन्यानंतरचा त्यांचा तो पहिला विनोद.

मग रोजचा क्रमच ठरला. सकाळी आंघोळ, तांब्याभर पाणी कुंपणावरून, नमस्कार. पलीकडून चुंगबाई कमरेत वाकायच्या. पानं ओंजळीतून ओंजळीत. हळूहळू दोघांत गप्पाही सुरू झाल्या. अण्णा मराठीत, त्या कोरियनमध्ये. मी एकदा खिडकीतून ऐकलं, अण्णा त्यांना सांगली-मिरज रस्त्यावर पावसाळ्यात कसे खड्डे पडतात ते समजावत होते आणि त्या गंभीरपणे माना डोलावत होत्या. तोंडाला चव आली तशी अर्धी पोळी वाढली, मग एक वाढली. ऑगस्टमध्ये अंगठी जानव्यातून सुटून बोटात परत आली. दुसऱ्या फेरीपर्यंत मात्र मजल गेली नव्हती. आणि पलंगाखालची बॅग तशीच होती. केर काढताना रोज झाडू तिला लागायचा.

मधे एकदा मला जरा नवल वाटलं होतं. द्वादशीला तुळशीचं पान तोडू नये, हे अण्णांच्या घरात पोराटोरांना ठाऊक. माई आदल्या दिवशीच पानं काढून ठेवायच्या. त्या दिवशी चुंगबाईंनी नेहमीप्रमाणे पानं खुडायला हात घातला आणि मी खिडकीतून बघत होते, आता अण्णा थांबवणार, आता मला हाक मारणार. पण अण्णांनी निमूट घेतली. मी विचारलं, आज द्वादशी ना अण्णा? म्हणाले, असू दे. ज्या माणसाला पंचांग तोंडपाठ, तो असं म्हणतो म्हणजे वय झालं, असं म्हणून मी सोडून दिलं.

दिवाळी झाली. कार्तिकी एकादशी जवळ आली तशी माझी झोप उडाली. तुळशीच्या लग्नाचा विषय निघणार हे उघड होतं. बांगाचं लग्न बाळकृष्णाशी लावायचं, आणि संध्याकाळी पलीकडे त्याच नवरीचं कालवण! चारूकडे विषय काढायची सोयच नव्हती, तो मी-आधीच-म्हटलं-होतं असा चेहरा करायचा. आणि विनयला हो-नाही कळवायची वेळही तेव्हाच आली होती. त्याचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. रविवारी नक्की सांगतो, असं चारूनं त्याला फोनवर सांगितलं. अण्णा मात्र जाण्याबद्दल काही बोलत नव्हते. मी विचारायला धजत नव्हते. मला एवढंच वाटत होतं, रोज सकाळी ते झाड दिसतंय, तोवर माणूस जेवतोय. आणि जेवतोय तोवर राहील.

रविवारी सकाळी उठून खिडकीचा पडदा सारला. वाफा रिकामा. एकूण एक बांगा जमिनीपासून बोटभर ठेवून कापलेला. नुसते खुंट. अण्णा आंघोळीला गेले होते, पाच मिनिटांत तांब्या घेऊन बाहेर येणार. घरची तुळस अशी कापलेली दिसली तर काय होईल? माई गेल्या त्या आठवड्यात त्यांची तुळस वाळली होती, हे अण्णांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. चारू नेमका तुळशीच्या लग्नाचा ऊस आणायला आपल्या लोकांच्या दुकानांकडे, न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर गेलेला. मी तशीच सपाता घालून पलीकडे पळाले. मनात भांडणाची सगळी वाक्यं जुळवत होते. निदान विचारायचं तरी होतंत! एक झाड ठेवलं असतंत तर काय बिघडलं असतं?

चुंगबाईंनी दार उघडलं आणि माझी वाक्यं तोंडातच राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी बांधलेली, आणि तिला बांगाच्या जुड्या उलट्या टांगलेल्या. घरभर बडीशेपेचा वास. त्यांनी सांगितलं, रेडिओवर सांगितलंय, आज रात्री हिवाळ्यातला पहिला कडाका आहे. पानं काळी पडली असती, मग औषधाला निरुपयोगी. म्हणून पहाटेच उठून कापलं. मूळ जिवंत आहे, वसंतात पुन्हा फुटतं. मग अर्धी दोरी त्यांनी हातानं दाखवली. इथपासून इथपर्यंत आमचं, आणि इथपासून पुढे सगळं हाराबोजींचं. थंडीभर पुरेल. आधीची वाळलेली एक मोठी पुरचुंडी त्यांनी स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलीच होती. ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

मी ती पुरचुंडी छातीशी धरली आणि त्यांच्यासारखीच कमरेत वाकले. मला काही नीट जमलं नाही ते.

परत आले तर अण्णा कुंपणाशी उभे. हातात भरलेला तांब्या, नजर खुंटांवर. थंडी मी म्हणत होती आणि अंगावर नुसती बंडी. मी धापा टाकत सांगायला लागले की अण्णा, इकडे तुळशीची जात वेगळी असते, थंडीत कापावी लागते, शास्त्रात पण आहे, देशकालानुसार… काय वाटेल ते बोलत होते.

अण्णांनी हात वर केला. म्हणाले, "कांचन, तुळशीला बडीशेपेचा वास कधीपासून यायला लागला?"

मी पुरचुंडी पदराखाली घेतली.

"डोळे गेलेत माझे, नाक नाही. रोज संध्याकाळी त्या बाईच्या माशाच्या कालवणाला हाच वास येतो."

त्या घडीच्या खुर्चीत मी बसले. अण्णा हळूहळू सांगत राहिले. पहिल्या दिवशी त्यांना खरंच तुळस वाटली होती. पानं हातात आली तेव्हा कळलं. पण त्या बाईनं एवढ्या आदरानं दोन्ही हातांनी दिलेलं परत कसं करायचं? म्हणून घेतली. आत जाऊन सांगू म्हणाले, की अगं, ही काही तुळस नव्हे. तर मी उंबऱ्यात ताट घेऊन उभी.

"तुझा चेहरा बघितला," अण्णा म्हणाले. "माई गेल्यापासून असा चेहरा बघितला नव्हता मी. म्हटलं, आता नाही म्हणालो तर ही पोर पुन्हा भांडी आपटत रडेल. म्हणून ते पान ठेवलं आणि जेवलो. त्या दिवशी भूक नव्हती मला, पोरी. तुझ्यासाठी जेवलो."

मी तोंडाला पदर लावला. तिकडे मी त्यांनी जेवावं म्हणून तुळस तुळस करत होते, आणि इकडे हे मी रडू नये म्हणून घास गिळत होते. दोघंही एकमेकांना तीच थाप मारत होतो! आणि मधल्या मधे त्या पानांनी आपलं काम चोख केलं. अण्णाही तेच म्हणाले, औषध मात्र लागू पडलं हं, ते श्रेय त्या माउलीचं. आठवड्याभरात खरीच भूक लागायला लागली. मी विचारलं, मग रोज नमस्कार कुणाला करत होतात? तर म्हणाले, पलीकडे उभी असायची ना ती? तिला.

मग तांब्यातलं पाणी त्यांनी त्या खुंटांवर ओतलं. विचारलं, मूळ आहे ना? मी म्हटलं, आहे, वसंतात फुटतं म्हणतात. त्यावर नुसतं हं केलं आणि आत गेले.

लग्नासाठी आणलेला नारळ घरात होताच. मी लुगड्याच्या पेटीतला एक नवा खण काढला, तांदूळ घेतले, आणि दुपारी चुंगबाईंना जेवायला बोलावून त्यांची ओटी भरली. त्यांना काहीच कळलं नाही, पण एप्रनची झोळी करून त्यांनी सगळं घेतलं. कुंकू लावलं तेव्हा डोळे मिटून घेतले. मीही स्वतःला ठसठशीत लावलं. (तो खण पुढे मला त्यांच्या एका बरणीच्या तोंडाला घट्ट बांधलेला दिसला. काही हरकत नाही, चांगल्या जागी गेला.)

जेवायला आम्ही तिघं बसलो. चारू अजून यायचा होता. साधंच होतं, वरण-भात, भरलं वांगं, खीर. चुंगबाई प्रत्येक घासाला मान हलवत होत्या. मी अण्णांना भात वाढला आणि सवयीनं हात आखडता घेतला, आता पुरे म्हणतील म्हणून. काही आवाज आला नाही. ते खाली मान घालून जेवत होते. ताट रिकामं झालं, बोटं चाटून झाली, आणि मग खिडकीची काच हादरेल असा आवाज आला.

"भाताची दुसरी फेरी सोडा!"

चुंगबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. मी डाव भरला, पण मला ताट नीट दिसेना. बराचसा भात टेबलावर सांडला. अण्णांनी तोही उचलून खाल्ला.

ते हात धुवायला उठत होते तेवढ्यात चारू उसाची मोळी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, अण्णा, विनयला आज सांगायचंय, सीट ठेवायची ना? अण्णांनी बंडीच्या खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला, ज्या खुर्चीवरून उठले होते तिच्यावर नीट पसरला आणि हात धुवायला गेले.

चारूनं ऊस कोपऱ्यात उभा केला आणि भूक लागलीय म्हणत तीच खुर्ची ओढली.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "तिथे नको बसूस. जागा धरलीय."